ग्लोबल हेल्थ शिकायला युरोपात जायचंय? नागपूर सोडण्याआधी हे करून ठेवा

माझं घर उत्तर नागपुरात, इंदोऱ्याला. बी.एस्सी. नर्सिंग झाल्यावर मी पारशिवनी तालुक्यातल्या एका उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून काम केलं. मग कोपनहेगन विद्यापीठात ग्लोबल हेल्थची दोन वर्षांची मास्टर्स केली. परत आल्यापासून नर्सिंगच्या, बीडीएसच्या, बीएएमएसच्या मुलामुलींचे फोन येत असतात. "ताई, कुठून सुरुवात करू?" फोनवर सगळं सांगून होत नाही, म्हणून एकदा नीट लिहिते आहे. सर्वसाधारण सल्ले कुठेही मिळतात. मी विदर्भातून, सरकारी शिष्यवृत्तीवर आणि गावातल्या कामाच्या जोरावर जाणाऱ्यांसाठी लिहिते आहे.

आधी प्रश्न, मग विद्यापीठ

बहुतेक जण क्रमवारीची यादी उघडून सुरुवात करतात. तुम्ही एक वही घ्या आणि रोजच्या कामात कुठलं कोडं सुटत नाही ते लिहा. ग्लोबल हेल्थ म्हणजे परदेशातलं आरोग्य नव्हे. एखादा आजार काही लोकांच्याच वाट्याला जास्त का येतो, उपचार ठाऊक असूनही तो त्यांच्यापर्यंत का पोचत नाही आणि पैसा कुठे जायचा हे कोण ठरवतं, हा या विषयाचा गाभा आहे. हे प्रश्न तुमच्या उपकेंद्राच्या व्हरांड्यात रोज बसलेले असतात.

माझा प्रश्न सिकलसेलचा, म्हणजे आईवडिलांकडून मुलांत येणाऱ्या रक्ताच्या आजाराचा होता. आमच्याकडे शिबिरात बोटातून थेंबभर रक्त घेऊन सोल्युबिलिटी टेस्ट होते. ती पॉझिटिव्ह आली तर माणूस वाहक आहे की रुग्ण, हे कळायला दुसरी तपासणी लागते, एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस. पहिल्या तपासणीला गर्दी असायची, दुसरीला लग्नाच्या वयाच्या मुली यायच्याच नाहीत. अंतर, मजुरी, एसटीची वेळ ही कारणं मला माहीत होती. एका आशाताईंनी खरं कारण सांगितलं, "मॅडम, पोरीचं लगन जुळून राह्यलं. कागदावर आलं तं कोन करन तिच्यासंग?" माझा अर्ज या वाक्यावर उभा राहिला.

प्रेरणापत्रात, म्हणजे मोटिव्हेशन लेटरमध्ये, "मला लहानपणापासून समाजसेवेची आवड आहे" असं लिहू नका. निवड करणाऱ्यांपुढे अशा पत्रांचा ढीग असतो. माझ्या पत्राचा पहिला परिच्छेद साधारण असा होता: मी अमुक तालुक्यात काम करते, तिथे सिकलसेलची पहिली तपासणी होते, दुसरीपर्यंत मुली पोचत नाहीत, त्यामागे लग्नाची भीती आहे, आणि ही भीती मोजायची कशी व कार्यक्रमात तिची दखल घ्यायची कशी हे मला शिकायचं आहे. दुसऱ्या परिच्छेदात त्यांच्या अभ्यासक्रमातले कोणते विषय यासाठी उपयोगी पडतील, ते नावानिशी लिहिलं. मेळघाटातलं कुपोषण, धानाच्या बांध्यांतली फवारणी, मे महिन्यात नागपुरात उन्हात राबणारे बांधकाम मजूर, काहीही चालेल. ते तुम्ही जवळून पाहिलेलं असलं पाहिजे, एवढंच.

राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान 1 जुलै 2023 ला सुरू झालं आणि 2047 पर्यंतचं उद्दिष्ट ठेवलं गेलं. पत्रात अशी धोरणाची एखादी ओळ जरूर घाला. आपलं गाव मोठ्या चित्रात कुठे बसतं हे तुम्हाला कळतं, असं त्यातून दिसतं.

कुठली संस्था

या विषयातल्या युरोपातल्या जुन्या संस्थांची वर्षं बघा: लिव्हरपूल 1898, लंडन 1899, हॅम्बर्ग 1900, अँटवर्प 1906 (सुरुवात ब्रुसेल्सला, नंतर अँटवर्पला आली). सगळी बंदरांची शहरं. वसाहतींमधून परतणारे खलाशी, शिपाई आणि अधिकारी यांचे 'उष्णकटिबंधातले' आजार बरे करायला या संस्था उभ्या राहिल्या. आज तिथले प्राध्यापक हे स्वतःच उघडपणे शिकवतात आणि त्यावर वर्गात कडाक्याचे वाद होतात. तुम्ही त्या वादात बसणार आहात, तेव्हा हा इतिहास जाण्याआधीच वाचा. तिथे दबून बसायचं कारण नाही. ज्यांच्या आजारावर हे शास्त्र उभं राहिलं, त्यांच्यातूनच आपण आलोय.

आता व्यवहाराचं, आणि हे कुणी सांगत नाही. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे. तिच्यात क्यूएस या विद्यापीठांच्या जागतिक क्रमवारीची अट असते. पण स्टॉकहोमची करोलिन्स्का, लंडनची हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिन किंवा अँटवर्पची ट्रॉपिकल मेडिसिन ही नामांकित नावं त्या सर्वसाधारण क्रमवारीत सापडत नाहीत, कारण या एकाच विद्याशाखेच्या संस्था आहेत. संस्था उत्तम, पण आपल्या शिष्यवृत्तीच्या रकान्यात बसत नाही. म्हणून शासनाच्या पैशावर जायचं असेल तर सर्व विद्याशाखा असलेली विद्यापीठं बघा: कोपनहेगन, उप्साला, हायडेलबर्ग. मी कोपनहेगन निवडलं त्यात या अटीचा मोठा हात आहे.

इतर वाटाही आहेत. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी आदिवासी विकास विभागाची आणि ओबीसींसाठी इतर मागास बहुजन कल्याण विभागाची वेगळी योजना आहे. जात न विचारणाऱ्यांत युरोपीय संघाची इरास्मस मुंडस मोठी. युरोपबहेल्थसारखा (Europubhealth) सार्वजनिक आरोग्याचा संयुक्त अभ्यासक्रम त्यात येतो, आणि शिष्यवृत्ती मिळाली तर महिन्याला 1,400 युरो मिळतात. जर्मनीसाठी डाड (DAAD) या तिथल्या शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्थेची विकासाशी संबंधित अभ्यासक्रमांची योजना आहे. तिला पदवीनंतर किमान दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, म्हणजे उपकेंद्रात घालवलेला काळ तिथे थेट उपयोगी येतो. जर्मनीला जाणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांना 1 नोव्हेंबर 2022 पासून एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे आपली शैक्षणिक कागदपत्रं खरी असल्याची पडताळणी, सक्तीचं झालंय. त्यात वेळ जातो, म्हणून ते आधी सुरू करा.

कागद

अभ्यासक्रम 1 सप्टेंबरच्या सुमारास सुरू होतात, पण युरोपबाहेरच्यांची अर्जाची मुदत त्याआधीच्या जानेवारीतच संपते. कोपनहेगनची 15 जानेवारी होती आणि स्वीडनची पहिली फेरीही जानेवारीच्या मध्यालाच बंद होते. म्हणून दिवाळीच्या आत तुमच्या हातात या गोष्टी हव्यात: पासपोर्ट, आयईएलटीएसचा निकाल, ट्रान्सक्रिप्ट आणि दोन शिफारसपत्रं.

नर्सिंग, दंत आणि आयुर्वेदवाल्यांची ट्रान्सक्रिप्ट नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठातून येते. नुसत्या गुणपत्रिका पुरत नाहीत. प्रत्येक विषयाचे तास आणि अभ्यासक्रमाचा तपशीलही मागतात, कारण तिकडे सगळा हिशेब क्रेडिटचा: वर्षाला 60, आणि एका क्रेडिटमागे 25 ते 30 तासांचं काम. कॉलेजातून अभ्यासक्रमाची शिक्कामोर्तब केलेली प्रत घेऊन ठेवा. सांख्यिकी आणि संशोधनपद्धतीचे तास किती झाले ते त्यात ठळक दिसलं पाहिजे. प्रवेशात या दोन विषयांवर नेमकं बोट ठेवतात.

शिफारसपत्र मोठ्या पदाच्या माणसाकडून घेण्यापेक्षा तुमचं काम पाहिलेल्या माणसाकडून घ्या. माझं एक पत्र प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी दिलं. त्यांना मी माझ्या कामाचं एक पानी टिपण नेऊन दिलं होतं, म्हणजे पत्रात "मेहनती व प्रामाणिक" याच्यापुढचं काही आलं. कंत्राटी नोकरी असेल तर अनुभव प्रमाणपत्र राजीनामा देण्याआधीच घ्या. नंतर त्याच सहीसाठी तालुक्याला चकरा होतात.

शिष्यवृत्तीसाठी जातीचा दाखला, जात वैधता, उत्पन्नाचा दाखला आणि अधिवास आधीच तयार ठेवा. घरातल्या सगळ्यांच्या कागदांवर नावाचं स्पेलिंग एकच आहे ना, हे बघा. आमच्याकडे बाबांचं नाव शाळेच्या दाखल्यावर एक आणि आधारवर दुसरं होतं. ते राजपत्रातून दुरुस्त करून घेतलं, तेव्हा कुठे पुढचं हललं. शाहू महाराज शिष्यवृत्तीत वर्षाला 75 जागा असतात आणि त्यासाठी विद्यापीठाचं विनाअट प्रवेशपत्र लागतं. विद्यापीठं आधी बहुधा सशर्त पत्र पाठवतात. अट कुठली ते वाचून लगेच पूर्ण करा आणि नवीन पत्र मागून घ्या. या शिष्यवृत्तीत शिक्षणशुल्क, निर्वाह भत्ता आणि विमानभाडं असतं. तरी पहिल्या काही महिन्यांचं घरभाडं आणि अनामत जवळ ठेवूनच निघा, शिष्यवृत्ती कुठलीही असो. घरमालकाला हप्त्यांचं वेळापत्रक कळत नाही.

व्हिसाच्या बोटांच्या ठशांसाठी मी मुंबईला गेले. रात्री दुरांतोत बसलं की सकाळी सीएसएमटी. सगळ्या कागदांच्या दोन प्रती सोबत असल्या म्हणजे झालं.

वर्गात

आमचा वर्ग भरायचा ती इमारत म्हणजे कोपनहेगनचं जुनं महापालिका रुग्णालय. 1853 साली या शहरात कॉलऱ्याने सुमारे पाच हजार माणसं मेली. तटबंदीच्या आत दाटीवाटीने राहणारं शहर, उघडी गटारं आणि घाण पाणी. त्यानंतर हे रुग्णालय बांधलं गेलं आणि 1863 मध्ये सुरू झालं. त्याच काळात डॉक्टरांच्या संघटनेने कामगारांसाठी तटाबाहेर बुटकी, हवेशीर घरं उभारली. ती ब्रुमलेबी वस्ती आजही आहे आणि लोक तिथे राहतात. पिवळ्या-पांढऱ्या भिंती, मधे मोकळी जागा, प्रत्येक घराला उजेड. पहिल्या महिन्यातच जाऊन बघा. डेन्मार्क जन्मतः निरोगी नव्हता. आपल्याकडच्या पिली नदीकाठच्या वस्तीची जी अवस्था आहे तीच त्यांची होती, आणि ती बदलली पाण्याने, गटारांनी, घरांनी आणि करातून जमलेल्या पैशाने. अख्ख्या सत्रात मला यापेक्षा मोठं काही मिळालं नाही.

शिकवण्याची पद्धत आपल्यापेक्षा निराळी आहे. प्राध्यापकांना पहिल्या नावाने हाक मारतात. आपली जीभ वळत नाही, पण काही आठवड्यांत सवय होते. नोट्स उतरवून देत नाहीत, शोधनिबंध वाचून यायला सांगतात. गटात बसून अहवाल लिहावा लागतो. माझ्या गटात घानाची एक दाई होती, एक डॅनिश मुलगी मानववंशशास्त्रातून आलेली, आणि केनियाचा एक मुलगा आकडेवारीत तरबेज. घानाच्या मैत्रिणीकडे सिकलसेल आमच्याइतकंच, म्हणून आमची पहिल्या दिवसापासून जमली. भारतातल्या सिकलसेलचा जनुकीय प्रकार आफ्रिकेतल्यापेक्षा वेगळा आहे आणि आपल्याकडच्या बऱ्याच रुग्णांत गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन जास्त टिकून राहतं. हे वाचलं होतं, पण तिच्या वॉर्डातल्या मुलांची हकिकत ऐकून त्याचा अर्थ कळला.

परीक्षा पुष्कळदा तोंडी असते. तुमचा अहवाल समोर, एक प्राध्यापक आणि एक बाहेरचा परीक्षक. पाठ केलेलं तिथे चालत नाही, "हे तू का निवडलंस?" असं विचारतात. गुणांची पट्टी विचित्र वाटेल: सर्वांत वर 12, मग 10, 7, 4, उत्तीर्ण व्हायला 02, आणि खाली 00 व उणे 3. 7 मिळाले म्हणून रडू नका, ते चांगले गुण आहेत. घरच्यांनाही हे आधीच सांगून ठेवा.

जाण्याआधी काय वाचावं, हे सगळे विचारतात. भारताच्या आरोग्यव्यवस्थेवरचा 1946 चा भोर समितीचा अहवाल आणि प्राथमिक आरोग्यसेवेचा 1978 चा अल्मा-आटा जाहीरनामा वाचा. जागतिक बँकेच्या 1993 च्या अहवालातून आलेलं डॅली हे माप, म्हणजे अकाली मृत्यूने गेलेली आणि आजारपणात काढलेली वर्षं एकत्र मोजण्याची रीत, तीही समजून घ्या. आणि डॉ. अभय बंग, डॉ. राणी बंग आणि त्यांच्या 'सर्च' संस्थेतल्या सहकाऱ्यांचा 1999 चा लॅन्सेटमधला निबंध वाचाच. गावातल्या प्रशिक्षित बाईने घरीच नवजात बाळाची काळजी घेतली तर मृत्यू किती कमी होतात, हे त्यांनी गडचिरोलीच्या खेड्यांत आकड्यांनी दाखवलं. तिसऱ्या वर्षी घट 62 टक्के होती. वर्गात नवजात बालकांचा विषय निघाला आणि पडद्यावर गडचिरोली आलं, तेव्हा मी हात वर करून सांगितलं की तो जिल्हा माझ्या घरापासून काही तासांवर आहे. त्यानंतर माझं बोलणं वर्गात वेगळ्या लक्षाने ऐकलं जाऊ लागलं.

वर्गाबाहेर एक ठिकाण चुकवू नका. नॉर्डहाउन बंदरात संयुक्त राष्ट्रांची इमारत आहे, तिथे जागतिक आरोग्य संघटनेचं युरोपचं कार्यालय आहे. जवळच युनिसेफचं गोदाम आहे, मदतसाहित्याचं जगातलं सर्वांत मोठं. युनिसेफच्या लसखरेदीचं काम याच शहरातून चालतं आणि त्यातला मोठा पुरवठादार आपल्या पुण्याचा आहे. उपकेंद्रात व्हॅक्सिन कॅरिअर उचलणाऱ्या नर्सला त्या साखळीचं दुसरं टोक बघायला मिळतं.

प्रबंधाची परवानगी वेळेत मागा

माझा प्रबंध 30 क्रेडिटचा होता, म्हणजे पूर्ण एक सत्र. विदर्भात येऊन मुलाखती घ्यायच्या असं मनात असेल तर दुसऱ्या सत्रापासूनच तयारी करा. भारतात माणसांवर संशोधन करायचं तर इथल्या मान्यताप्राप्त संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी लागते, नुसतं परदेशी विद्यापीठाचं पत्र चालत नाही. परदेशी संस्थेशी सहकार्य किंवा तिचा पैसा असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीकडेही जावं लागू शकतं. सहा महिन्यांच्या सत्रात हे मावत नाही. म्हणून इथल्या एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या प्राध्यापकांना सहमार्गदर्शक होण्याची विनंती लवकर करा, आणि हाताशी दुसरा बेत ठेवा: आधीच गोळा झालेली माहिती किंवा प्रकाशित निबंधांचा पद्धतशीर आढावा.

मुलाखतींच्या ध्वनिफिती कुठे ठेवायच्या याचेही युरोपात कडक नियम आहेत, 2018 पासूनच्या जीडीपीआर या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यामुळे. स्वतःच्या मोबाइलमध्ये ठेवणं चालत नाही, विद्यापीठाच्या सुरक्षित जागेतच ठेवाव्या लागतात. हे मला मनापासून पटलं. ज्या मुलीने लग्न मोडायच्या भीतीने तपासणी टाळली, तिचा आवाज कुणाच्या फोनमध्ये राहणं धोक्याचं आहे. तुमच्या जुन्या नोकरीतल्या रजिस्टरचे, रुग्णांची नावं असलेले फोटोही सोबत नेऊ नका.

राहणं

पोचल्यावर आधी सीपीआर क्रमांक, म्हणजे डेन्मार्कचा वैयक्तिक नोंदणी क्रमांक, काढा. त्यावर बँक, मोबाइल, सगळं चालतं आणि पोस्टाने पिवळं आरोग्यकार्ड घरी येतं. कार्डावर तुमच्या ठरलेल्या डॉक्टरचं नाव असतं. त्यांच्याकडे जायला पैसे पडत नाहीत, पण त्यांच्या चिठ्ठीशिवाय सहसा तज्ज्ञ डॉक्टरही भेटत नाहीत. दवाखाना बंद असताना 1813 ला फोन करायचा, मग नर्स किंवा डॉक्टर विचारपूस करून ठरवतात की यायचं की घरीच थांबायचं. एकदा ताप आला तेव्हा मी हा फोन केला. पलीकडच्या नर्सने शांतपणे सगळं विचारलं, पाणी किती प्यायलीस तेही, आणि घरीच थांबायला सांगितलं. आपल्याकडे त्याच तापासाठी माणूस पहाटे गाव सोडून नागपूरच्या मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत रांगेत उभा राहतो. हा फरक डायरीत लिहून ठेवा, अभ्यासात कामी येतो.

डिसेंबरात सूर्य साडेआठच्या सुमारास उगवतो आणि पावणेचारच्या आत मावळतो. नागपूरच्या माणसाला थंडीपेक्षा हा अंधार जड जातो. दुपारी उजेड असेपर्यंत बाहेर चालून या, डॉक्टरांना विचारून व्हिटॅमिन डी घ्या आणि एकट्याने खोलीत बसू नका. गरम कपडे सीताबर्डीतून भरभरून नेण्यात अर्थ नाही, तिथे रेडक्रॉसच्या दुकानांत वापरलेले चांगले कोट स्वस्तात मिळतात. सामानात तिखट, गोडा मसाला, सावजी मसाला आणि तूर डाळ न्या. दूध आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघात नेता येत नाहीत, म्हणून संत्रा बर्फी, खवा, तूप नको. आणि संत्री तर मुळीच नको, ताज्या फळांना रोगमुक्तीचं प्रमाणपत्र लागतं.

सप्टेंबर ते मे महिन्याला 90 तासांपर्यंत काम करता येतं, उन्हाळ्यात पूर्णवेळ. पहिल्या सत्रात मात्र नोकरी धरू नका. वाचन फार असतं.

शेवटी नोकरीचं स्पष्ट सांगते, कारण घरचे हेच विचारतात. या पदवीने युरोपात नर्स किंवा डॉक्टर म्हणून काम करता येत नाही, त्याची नोंदणी आणि भाषेची परीक्षा वेगळी. ही पदवी कार्यक्रम आखण्याच्या, माहिती तपासण्याच्या आणि संशोधनाच्या कामांसाठी आहे. मी परत आले आणि सिकलसेलवरच्या एका संशोधन प्रकल्पात लागले. पगार तिकडच्यासारखा नाही, पण दुसऱ्या तपासणीला न येणाऱ्या मुलींच्या घरी आता मी प्रश्नावली घेऊन जाते, आणि ती प्रश्नावली कशी असावी ते मीच ठरवते. जाताना एक काम मात्र न विसरता करा: महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी, किंवा तुमच्या शाखेची जी असेल ती, तिकडे असताना संपणार असेल तर निघण्याआधीच नूतनीकरण करून घ्या.